आपल्या पायाखालचा काळा पाषाण

मळवली स्थानकावरून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले समोर उभे दिसतात. पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की त्यांच्या अंगावरील आडव्या रेघा स्पष्ट होतात. उभा कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी, अशी ही रचना पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालते. आपले विद्यार्थी हे दृश्य रोज पाहतात, आणि रोज पाहतात म्हणूनच त्याविषयी प्रश्न विचारीत नाहीत. तो प्रश्न त्यांच्या मनात उत्पन्न करणे हे शिक्षकाचे काम होय. मावळच्या याच पाषाणाविषयी अलीकडे जे संशोधन झाले आहे, त्याकडे साऱ्या जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष लागलेले आहे. त्याचा परिचय शिक्षकबंधू-भगिनींना व्हावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

पायऱ्यांचा डोंगर

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वर आला व चोहीकडे पसरला. ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा धुमसता पर्वत मुलांच्या डोळ्यांपुढे येतो. परंतु येथे मुख्यतः तसे घडले नाही. मधासारखा वाहणारा रस मैलोगणती पसरे, थिजे, आणि काही काळाने त्यावर दुसरा थर येई. अशा शेकडो थरांनी दख्खनचे पठार घडले. आजही त्याचा विस्तार सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. थराचा टणक भाग कड्याच्या रूपाने उभा राहिला, मऊ भाग झिजून उतार झाला. लोहगडावरील त्या रेघांचा अर्थ हा असा आहे. या खडकास ‘ट्रॅप’ असेही म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आला आहे.

रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. मुले डोंगरातून ज्या पांढऱ्या, चकाकणाऱ्या गारगोट्या वेचून आणतात, त्यांपैकी पुष्कळशा अशाच जन्मल्या आहेत. शेतातील काळी माती आणि रस्त्यावर पसरावयाचा मुरूम हीदेखील याच पाषाणाची झिजलेली रूपे होत. भाजे, कार्ले व बेडसे येथील कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या छिन्न्या चालविल्या त्या याच कातळावर. आणि १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग नेला तोही हाच कातळ फोडून.

लोणावळ्याचे नाव शास्त्रात

सारे थर डोळ्यांस सारखेच काळे दिसतात. मग एका घाटातील थर दुसऱ्या घाटातील कोणत्या थराशी जुळतो, हे ओळखावे कसे? १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील व परदेशांतील भूशास्त्रज्ञांनी थरांतील टिटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम इत्यादी द्रव्यांचे प्रमाण मोजले. प्रत्येक थरसमूहाची द्रव्यांची खूण निराळी आहे, असे आढळून आले. त्यावरून सह्याद्रीतील थरांचे तीन उपगट करण्यात आले: तळाशी कळसूबाई उपगट, मध्ये लोणावळा उपगट व वर वाई उपगट. लोणावळा उपगटात खंडाळा व बुशे असे दोन थरसमूह येतात. आपल्या तालुक्यातील गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत अशा रीतीने रूढ झाले आहे, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

वय मोजण्याची युक्ती

घाटातील कापांत दोन काळ्या थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट खडकाची पट्टी दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजून ती झाली. अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही मिसळलेली असते, आणि त्या राखेत झिरकॉन नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. स्फटिक तयार होताना त्यात थोडे युरेनियम अडकते. ते ठराविक गतीने शिशात पालटत जाते. तेव्हा युरेनियम किती उरले व शिसे किती झाले, हे मोजले म्हणजे स्फटिकाचे वय निघते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सह्याद्रीतील पट्ट्यांवर हा प्रयोग करून २०१५ व २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बर्कले येथील दुसऱ्या गटाने आर्गॉन वायूच्या मापनाने प्रत्यक्ष काळ्या थरांचे वय काढले व तेही २०१९ सालीच प्रसिद्ध झाले. उत्तम मापनांत चूक केवळ काही दशसहस्र वर्षांची राहते. ही अचूकता किती मोठी! ६६ वर्षांच्या माणसाचे वय पंधरवड्याच्या फरकाने सांगता यावे, तसेच हे आहे.

आकाशातून आलेला आघात

याच सुमारास पृथ्वीवर एक मोठा संहार झाला. अजस्र डायनोसॉर आणि जमिनीवरील व समुद्रातील असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. हे प्राणी महाराष्ट्रातही होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे त्यांचे अवशेष मिळतात. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे भारतीय व स्वीडिश संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. त्यावरून त्या काळीही गवत होते, हे प्रथमच सिद्ध झाले.

१९८० साली लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक धाडसी मत मांडले. संहाराच्या काळातील मातीच्या पातळ थरात इरिडियम धातू फार आढळतो. हा धातू भूपृष्ठावर दुर्मिळ, पण अशनींत विपुल असतो. तेव्हा सुमारे १० किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह पृथ्वीवर आदळला असावा, असे त्यांनी अनुमान केले. पुढे १९९१ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील चिक्शुलूब येथील पुरलेले प्रचंड विवर त्याच आघाताचे असल्याचे ओळखण्यात आले. धूळ व काजळी यांनी सूर्य झाकोळला, वनस्पती सुकल्या व अन्नाची साखळी तुटली.

मग दख्खनच्या शिलारसाचा या संहारात वाटा किती? येथे शास्त्रज्ञांत मतभेद आहे. प्रिन्स्टनच्या गटास उद्रेक चार मोठ्या लाटांत झाल्याचे दिसते व एक लाट आघाताच्या किंचित आधी सुरू झाली असे ते म्हणतात. बर्कलेच्या गटास उद्रेक बहुतांशी अखंड चाललेला दिसतो व सुमारे तीन चतुर्थांश रस आघातानंतर बाहेर पडला असे त्यांचे मत आहे. सागरतळावरील शिंपल्यांच्या अभ्यासावरून २०२० साली असे मांडण्यात आले की, ज्वालामुखीच्या वायूंमुळे झालेली तापमानवाढ आघातापूर्वीच ओसरली होती. सबब मुख्य कारण लघुग्रहच. आज पुष्कळ शास्त्रज्ञांचा कल याच बाजूस आहे. तरीही काही विद्वान ज्वालामुखीसच प्रधान मानतात. एका गोष्टीत मात्र प्रिन्स्टन व बर्कले या दोन्ही गटांची मापने जुळतात. लोणावळा उपगटाचे थर त्या संकटाच्या थोडे आधीचे आहेत, आणि संकटाची वेळ तो उपगट संपून वाई उपगट सुरू होतो तेथून फार दूर नाही. खंडाळ्याच्या घाटात उभे राहणारे मूल एका युगाच्या उंबरठ्यापाशी उभे असते.

हवामानाचा धडा

शिलारसाबरोबर कर्बवायू व गंधकाचे वायू हवेत गेले. गंधकाने काही काळ थंडी वाढे. कर्बवायूने सहस्रावधी वर्षे उष्णता वाढे. या प्राचीन घटनेचा आजच्या काळाशी संबंध आहे. ज्वालामुखींनी हे कार्य लक्षावधी वर्षांत केले. आज मनुष्य कोळसा, तेल इत्यादी इंधने जाळून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू हवेत सोडीत आहे. आजचे सारे ज्वालामुखी मिळून वर्षाकाठी सोडतात त्याच्या तो कितीतरी पट आहे. सृष्टीला बदलास तोंड देण्यासाठी अवधी लागतो; आपण तो देत नाही.

दरडीचा धोका

हे ज्ञान केवळ जिज्ञासेचे नव्हे. दि. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले व दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही ठिकाणी मुलेही गेली. कठीण कातळावर झिजलेल्या मुरमाची व मातीची जाड चादर असते. अतिवृष्टीत पाणी तिच्यात मुरते, खालच्या कातळापाशी अडते, आणि जड झालेली चादर उतारावरून निसटते. तांबड्या पट्ट्याही पाण्याने मऊ पडतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेतील शिक्षकाने ही क्रिया समजून घेणे हे पाठ्यपुस्तकाइतकेच आवश्यक आहे.

वर्गात काय करावे

१. मुलांकडून टणक कातळ, सच्छिद्र खडक, गारगोटी, मुरूम, तांबडी माती व काळी माती यांचे नमुने गोळा करवावेत व प्रत्येकावर ठिकाण लिहावे. लेण्यांतून व किल्ल्यांवरून मात्र एक खडाही उचलू नये.

२. पटांगणात ६६ मीटर लांबीची दोरी ताणावी. एक मीटर म्हणजे दहा लक्ष वर्षे. एका टोकास आघात, दुसऱ्या टोकास आजचा दिवस. आपल्या मानवजातीचे वय या दोरीवर शेवटच्या फूटभर लांबीचे भरते, आणि कार्ल्याच्या लेण्यांपासूनचा काळ तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा.

३. वर्गाचे दोन गट करून एकाने लघुग्रहाची व दुसऱ्याने ज्वालामुखीची बाजू मांडावी. कोण जिंकले याचा निर्णय देऊ नये. पुरावा कोणता आणि तर्क कोणता, एवढे मात्र मुलांकडून वेगळे काढवून घ्यावे.

४. पावसाळ्यापूर्वी मोठ्या मुलांसह गावाच्या वरचा उतार दुरून पाहावा. जमिनीस नव्या भेगा, कललेली झाडे व खांब, अचानक गढूळ झालेला वा नव्याने फुटलेला झरा या धोक्याच्या खुणा होत. त्या दिसताच ग्रामपंचायत व महसूल अधिकारी यांस लेखी कळवावे. मुसळधार पावसात अशी खूण दिसल्यास कोणाची वाट न पाहता मुलांना उतारापासून दूर न्यावे.

‘डायनोसॉर कशाने मेले?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘बहुतेकांच्या मते लघुग्रहाने, परंतु आपल्या डोंगराचा हात त्यात किती, याचा शोध अजून चालू आहे,’ असे उत्तर द्यावे. ठाम उत्तर न दिल्याने गुरूचा मान कमी होत नाही. शोध अजून संपलेला नाही आणि तो आपल्याच डोंगरात चालू आहे, हे कळल्यावर त्या मुलांतील एखादे मूल उद्या हातोडी घेऊन घाटात निघेल.