विश्लेषण : अमेरिकी कंत्राटदारांच्या मोठ्या व्हॅनचा साठ वर्षांपूर्वीच्या कोंबड्यांशी संबंध काय?

अमेरिकेत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार किंवा वातानुकूलन यंत्रे बसवणारा कारागीर घरी कामाला येतो तो बहुधा पांढऱ्या रंगाच्या मोठ्या बंद व्हॅनमधून. ही व्हॅन म्हणजे त्याचे फिरते दुकान, गोदाम आणि कार्यशाळा. नव्या व्हॅनची किंमत आता ४० हजार डॉलरच्या, म्हणजे साधारण ३५ लाख रुपयांच्या पुढे आहे. एकट्याने धंदा करणाऱ्या कारागिराला एवढी मोठी गाडी घेण्यावाचून फारसा पर्याय का उरलेला नाही, याचे उत्तर १९६०च्या दशकातील एका व्यापारी भांडणापर्यंत जाते.

मोठी व्हॅन म्हणजे नेमके काय?

फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर, रॅम प्रोमास्टर आणि शेव्हर्ले एक्स्प्रेस ही या गटातील ठळक नावे. यातील एक्स्प्रेस जुन्या अमेरिकी वळणाची. १९९६ मॉडेल वर्षापासून तिचा मूळ साचा फारसा बदललेला नाही. बाकीच्या तिघी मूळच्या युरोपीय. ट्रान्झिट १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये आली, स्प्रिंटर १९९५ मध्ये जर्मनीत, तर प्रोमास्टर ही फियाटच्या ‘दुकाटो’ची अमेरिकी आवृत्ती. उंच छताच्या प्रकारात सहा फुटी माणूस आत ताठ उभा राहून काम करू शकतो. प्रकारानुसार साधारण दीड ते दोन टन वजन त्या वाहतात.

पिकअप सोडून व्हॅन कशासाठी?

पिकअप ट्रक अमेरिकेत लोकप्रिय असला तरी त्याचा हौदा उघडा असतो. पाऊस, बर्फ आणि चोर या तिन्हींपासून अवजारे वाचवायची तर बंद गाडी हवी. शिवाय व्हॅनमध्ये दोन्ही बाजूंना मांडण्या ठोकता येतात. कोणता सांधा, कोणती तार कुठल्या खणात आहे हे ठरलेले असले, की सामान आणायला दुकानाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. तासावर मजुरी आकारणाऱ्या कारागिरासाठी वाचलेली फेरी हीच कमाई असते.

‘चिकन टॅक्स’ ही काय भानगड?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडीपालनाचा उद्योग झाला आणि स्वस्त अमेरिकी कोंबड्या युरोपच्या बाजारात जाऊ लागल्या. तेथील शेतकरी अडचणीत येताच युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ मध्ये त्यांवरील आयात शुल्क वाढवले. वाटाघाटी फिसकटल्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रत्युत्तराचा आदेश काढला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालवाहू ट्रक या चार वस्तूंवर जानेवारी १९६४ पासून वाढीव शुल्क लागू झाले, ट्रकवर ते २५ टक्के होते. ट्रकवरील शुल्काचा रोख पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगन व्हॅनवर होता. पुढे बाकीच्या वस्तूंवरील शुल्क गेले. हलक्या मालवाहू वाहनांवरील मात्र टिकले. प्रवासी मोटारीवरचे मूळ शुल्क अवघे अडीच टक्के आणि मालवाहू व्हॅनवर २५ टक्के, अशी ही दहापटीची दरी.

कंपन्यांनी त्यातून वाट कशी काढली?

मर्सिडीजने अनेक वर्षे एक खटाटोप केला. जर्मनीत तयार झालेली स्प्रिंटर सुटी करायची, भाग जहाजाने पाठवायचे आणि दक्षिण कॅरोलायना राज्यात पुन्हा जोडायचे. सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लागत नसल्याने हा उलटा उद्योगही परवडत होता. अखेर २०१८ मध्ये कंपनीने तेथेच पूर्ण कारखाना सुरू केला. रॅम प्रोमास्टर मेक्सिकोत बनते. उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारामुळे तिला या शुल्कातून सूट मिळाली. फोर्डने मोठी ट्रान्झिट थेट मिसुरी राज्यात बनवायला घेतली.

फोर्डची छोटी ‘ट्रान्झिट कनेक्ट’ मात्र गाजली ती वेगळ्या कारणाने. तुर्कस्तानातून आणि नंतर स्पेनमधून ती मागची आसने बसवून, म्हणजे प्रवासी वाहन म्हणून, अडीच टक्के शुल्क भरून बंदरात उतरे. सीमाशुल्काचे सोपस्कार झाले की ती आसने काढून टाकली जात आणि गाडी मालवाहू व्हॅन म्हणून विकली जाई. सीमाशुल्क विभागाने यावर बोट ठेवले. २०१७ मध्ये व्यापार न्यायालयात फोर्ड जिंकली, २०१९ मध्ये अपिलात हरली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मार्च २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून फोर्डने तडजोड केली.

याची झळ छोट्या कारागिराला कशी बसते?

ज्याला दीड टन सामान न्यायचेच नसते, अशा कुलूपवाल्याला, फूलविक्रेत्याला किंवा एकट्या इलेक्ट्रिशियनला छोटी व्हॅन पुरते. पण निसान एनव्ही २००, रॅम प्रोमास्टर सिटी आणि शेवटी ट्रान्झिट कनेक्ट या तिन्ही छोट्या व्हॅन २०२१ ते २०२३ या काळात अमेरिकी बाजारातून गेल्या. मागणी मर्यादित होती हे खरे. पण ज्या गाड्या युरोपात आधीच बनतात त्या आणायच्या तर २५ टक्के शुल्क आणि इथे नव्याने कारखाना टाकायचा तर तेवढा खप नाही, अशी ही कोंडी आहे. त्यामुळे छोट्या धंद्यालाही मोठी व्हॅन, पिकअप किंवा जुनी गाडी यांतूनच निवड करावी लागते. त्यातच एप्रिल २०२५ पासून ट्रम्प प्रशासनाने आयात मोटारी आणि हलक्या ट्रकवर २५ टक्क्यांचे वेगळे शुल्क लावले. मेक्सिकोत बनलेल्या, कराराच्या अटी पाळणाऱ्या वाहनांच्याही बिगर-अमेरिकी भागाच्या किमतीला ते लागू झाले.

खरेदीचा हिशेब कसा मांडतात?

पहिला हिशेब वजनाचा. गाडीचे कमाल मान्य एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन, म्हणजे वाहनक्षमता. पण मांडण्या, छतावरची शिडी, अवजारे आणि गाडीतली माणसे हे सारे त्यातूनच वजा होते. नवखे खरेदीदार इथेच चुकतात. दुसरा हिशेब नियमांचा. एकूण मान्य वजन १०,००१ पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो किंवा अधिक असेल आणि धंद्यासाठी राज्याची सीमा ओलांडायची असेल, तर संघीय वाहतूक विभागाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून अनेक जण या आकड्याच्या खालची व्हॅन निवडतात. तिसरा हिशेब कराचा. ६,००० पौंडांवरील धंद्याच्या वाहनाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची सोय आहे. मोठ्या एसयूव्हींना या सवलतीच्या एका प्रमुख कलमात कमाल मर्यादा आहे, चालकामागे आसने नसलेल्या बंद व्हॅनला ती नाही. मात्र ही वजावट करपात्र उत्पन्नातून होते, सरकार गाडीचे पैसे परत करत नाही. ज्याचे उत्पन्नच बेताचे, त्याला तिचा लाभही बेताचाच.

आपल्या ‘टेम्पो’शी नाते काय?

मराठीत मालवाहू छोट्या गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीचे. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो, म्हणजे आजची पुण्याची फोर्स मोटर्स, उभी राहिली. तिने १९८७ मध्ये आणलेली ‘ट्रॅव्हलर’ मर्सिडीजच्या ज्या व्हॅनवर बेतलेली होती, तिचीच जागा जर्मनीत पुढे स्प्रिंटरने घेतली. म्हणजे अमेरिकी प्लंबरची स्प्रिंटर आणि आपली ट्रॅव्हलर एकाच घराण्यातल्या. फरक वापराचा. आपल्याकडे ट्रॅव्हलर मुख्यतः प्रवाशांची गाडी झाली, माल खेपेच्या भाड्यावर टेम्पोने जातो आणि कारागीर अवजारांची पिशवी दुचाकीला अडकवून येतो. अमेरिकी कारागिराला मात्र स्वतःचीच गाडी लागते. म्हणूनच कोंबड्यांवरून सुरू झालेल्या जुन्या भांडणाचा भार आजही त्याच्या कर्जाच्या हप्त्यावर पडतो.