कल्पनेतली अवकाशयानं, भाग ६ : अंधारातली चाहूल

इंजिनं बंद आहेत. ‘एंटरप्राइझ’ यानाच्या नियंत्रणकक्षात सगळे आपापल्या जागी खिळून बसलेत, बोलणं चाललंय तेही दबक्या आवाजात. समोरच्या काळोखात कुठेतरी शत्रूचं, म्हणजे रोम्युलनांचं यान आहे. तेही असंच श्वास रोखून थांबलेलं, आणि डोळ्यांना न दिसणारं. तासन्‌तास कुणी हलत नाही. मग दुरुस्ती करता करता विज्ञान अधिकारी स्पॉकचा हात चुकून एका बटणावर पडतो, यंत्रातून एक संकेत बाहेर निसटतो आणि शत्रूला ठावठिकाणा कळतो.

‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग अमेरिकेत १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. अवकाशाच्या निर्वात पोकळीतून आवाज जात नाही, तेव्हा कुजबुजण्याची गरज खरं तर कुणालाच नव्हती. पण हा भाग ज्या मुशीतून निघाला ती मुळात समुद्रातली होती. १९५७ च्या ‘द एनिमी बिलो’ या चित्रपटात एक अमेरिकी विनाशिका आणि एक जर्मन पाणबुडी असाच पाठशिवणीचा खेळ खेळतात. तिथे हातातून पडलेला पानासुद्धा जिवावर बेतू शकतो. अवकाशकथेतल्या यानांचे ‘सेन्सर’ त्या पाणबुडीच्या कानांचे वारस आहेत, आणि म्हणूनच ते इतके रंगतात. पाणबुडीला दिसत काहीच नाही. तिला फक्त चाहूल लागते.

चाहूल घेण्याचे मार्ग दोनच. एक म्हणजे हाळी द्यायची आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. दुसरा, गप्प राहून कानोसा घ्यायचा. समुद्रातलं सोनार असो, विमानतळावरचं रडार असो की पडद्यावरचं कुठलंही यान असो, सगळी यंत्रं या दोन खणांतच बसतात.

हाळीची कल्पना कथाकाराला शास्त्रज्ञांच्या बरीच आधी सुचली होती. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९११ मध्ये ‘राल्फ १२४ सी ४१+’ ही कादंबरी आपल्या मासिकातून क्रमशः छापायला सुरुवात केली. तिच्या नायकाला अवकाशात पळून चाललेलं यान शोधायचं असतं. तो लहरींचे झोत सोडतो, ते यानाच्या धातूवर आपटून परत येतात आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. हे रडारचंच वर्णन आहे. रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेन्ट्रीजवळ, विमानावरून परतणाऱ्या रेडिओलहरी पकडता येतात हे दाखवलं ते २६ फेब्रुवारी १९३५ रोजी. मध्ये जवळजवळ चोवीस वर्षं गेली.

मात्र हाळीला एक मोठा शाप आहे. लहर जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनीचा जोर निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. अंतर दहापट झालं तर दहाहजारावा भाग उरतो. शिवाय हाळी देणारा स्वतःचा पत्ताही जाहीर करून बसतो, कारण ती हाळी शत्रूच्या कानावर एकदाच पसरून पोचते, म्हणजे आपल्या हाती प्रतिध्वनी येतो त्याहून कितीतरी ठळकपणे. पडद्यावरचे कप्तान ‘स्कॅन करा’ असा हुकूम इतक्या सहज सोडतात की ही किंमत प्रेक्षकांच्या ध्यानातच येत नाही. स्पॉकच्या चुकून दाबलेल्या बटणाने ती एकदा नेमकी दाखवली, हे त्या भागाचं मोठेपण.

आता कानोसा. अवकाशात आवाज नसला तरी ऊब असते, आणि ती लपत नाही. यानात माणसं आहेत म्हणजे आत वीसेक अंश तापमान हवं. बाहेर मात्र पार्श्वभूमीचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअस. त्या गारठ्यात उबदार यान अवरक्त किरणांत कंदिलासारखं उजळून दिसणार. इंजिन पेटवलं तर विचारायलाच नको. उष्णता आत कोंडून ठेवावी म्हटलं तर माणसं होरपळतील, म्हणजे कधी ना कधी ती बाहेर सोडावीच लागते. जेम्स वेब अवकाश दुर्बीण नेमका हाच कानोसा घेते. तिचे आरसे उणे २२० अंशांच्याही खाली थंड राहावेत म्हणून तिच्यावर पाच पदरी सूर्यछत्र ताणलेलं आहे, नाहीतर तिची स्वतःचीच ऊब तिला आंधळं करेल. चंद्राइतक्या अंतरावर बसलेल्या भुंग्याची ऊबही तिला जाणवेल, असा दाखला तिच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ देतात. अशा डोळ्यापुढे रोम्युलनांचा अदृश्यतेचा पडदा टिकणं अवघड आहे.

‘स्टार ट्रेक’च्या लेखकांना हे पुढे उमगलं असावं. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात क्लिंगन या परग्रहवासीयांचं एक यान अदृश्य राहूनही मारा करतं आणि ‘एंटरप्राइझ’ हतबल होतं. मार्ग सुचतो तो एका साध्या विचारातून. यान चालतंय म्हणजे त्याचा धूर कुठून तरी बाहेर पडतच असणार. ग्रहांवरचे वायू तपासायचं उपकरण यानावर होतंच. ते घाईघाईने टॉर्पेडोत बसवतात आणि टॉर्पेडो त्या धुराचा माग काढत जातो. साऱ्या मालिकेत सेन्सरचा इतका पटणारा प्रसंग दुसरा नाही. यात नवं जादूचं यंत्र कुणी काढत नाही. असलेल्या यंत्राला योग्य प्रश्न विचारला जातो, एवढंच.

खरी अडचण वेगाची आहे. प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या यानाला प्रकाशाच्या भरवशावर पुढचं पाहता येत नाही. अडथळ्याची बातमी यायच्या आतच यान त्यावर आदळेल. म्हणून ‘स्टार ट्रेक’ने प्रकाशाहून वेगवान ‘सबस्पेस’ सेन्सर कल्पिले. रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांनी १९९१ मध्ये नव्या ‘एंटरप्राइझ’ची तांत्रिक पुस्तिका लिहिली. लांब पल्ल्याचे सेन्सर बारकाईने पाहू शकतात ते पाच प्रकाशवर्षांपर्यंत आणि ढोबळ मानाने सतरा प्रकाशवर्षांपर्यंत, असं त्यांनी ठरवलं. त्या टोकापर्यंत संकेत जायला ४५ मिनिटं आणि परत यायला आणखी ४५. सगळंच काल्पनिक, पण हा दीड तास फार मोलाचा आहे. सर्वशक्तिमान यंत्रालाही थांबावं लागतं, हे त्या दोघांनी मान्य केलं.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) तर प्रकाशाहून वेगवान संकेतांची सूटही नाही. ‘डिस्कव्हरी’ यान पृथ्वीपासून आठ कोटी मैलांवर असताना त्यावरच्या अंतराळवीरांची मुलाखत घेतली जाते. शब्द पोचायला सात मिनिटं लागली आणि तो विलंब कापून टाकला आहे, असं निवेदक सांगतो. वाचकांनी हिशेब करून पाहावा, आकडा बरोबर आहे.

यंत्राला चाहूल लागली तरी ती कशाची, हे कळेलच असं नाही. ‘एलियन’मध्ये (१९७९) ‘नॉस्ट्रोमो’ यानावरचे लोक हवेतली सूक्ष्म हालचाल टिपणारं एक यंत्र हातात धरून यानात शिरलेल्या परग्रहावरच्या प्राण्याला शोधतात. यंत्र संकेत देतं, काळजाचा ठोका चुकतो आणि कपाटातून बाहेर पडतं ते जहाजावरचं मांजर. ठिपका कुठे आहे एवढंच यंत्राला ठाऊक असतं. तो मांजराचा की राक्षसाचा, हे माणसालाच ठरवावं लागतं.

‘स्टार ट्रेक’च्याच ‘द रॅथ ऑफ खान’ चित्रपटात (१९८२) दोन यानं मुटारा तेजोमेघात शिरतात आणि दोघांचेही सेन्सर निकामी होतात. प्रसंग थरारक आहे. त्यातले ढग पाण्याच्या टाकीत लॅटेक्स सोडून चित्रित केले होते. पण खऱ्या तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये बहुधा काही शे ते काही हजार कणच असतात. तो आतून धुक्यासारखा दिसणारच नाही. तिथे दिग्दर्शकाने भौतिकशास्त्राला बाजूला सारलं, हे म्हणावंच लागेल.

‘२००१’मधला सगळ्यांत भेदक धागा अँटेनाचा आहे. पृथ्वीकडे रोखलेल्या अँटेनाचा एक भाग बहात्तर तासांत बंद पडणार, असं हाल हा संगणक सांगतो. अंतराळवीर तो भाग काढून आणतात, तपासतात, तर दोष काहीच नाही. पृथ्वीवरचा जुळा संगणकही हालचं चुकलं म्हणतो. हाल मात्र ठाम. चूक माणसाचीच असणार, हे त्याचं उत्तर.

स्वतःच्या मोजमापावर यंत्राने असा आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, याची खरी गोष्ट १९ ऑक्टोबर २०१६ रोजी घडली. तिचा कानोसा घेणारे कान महाराष्ट्रात होते. युरोपचं ‘स्कियापरेली’ यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओसंकेत थेट पृथ्वीवर ऐकण्याची कामगिरी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीकडे, म्हणजे जीएमआरटीकडे आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारली तेव्हा भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरली. तिने कोट्यवधी किलोमीटरवरून पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून आलेला तो संकेत पकडला. उतरण सुरू झाली. संकेत येत राहिला, आणि जमिनीला टेकण्याच्या वेळेच्या जरा आधी तुटला.

पुढे चौकशीत कारण सापडलं. पॅराशूट उघडताच यान अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने आपली कमाल मर्यादा गाठली आणि सुमारे एक सेकंद ते तिथेच अडकून राहिलं. उंची मोजणारं रडार व्यवस्थित चालत होतं. पण यान कसं कललंय याचा अंदाजच बिघडल्यामुळे संगणकाने हिशेब केला तो उणे उंचीचा, म्हणजे यान जमिनीच्या खाली पोचलं! मग त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सगळं रीतसर केलं. पॅराशूट सोडून दिलं. अर्ध्या मिनिटाऐवजी तीनच सेकंद इंजिनं चालवून बंद केली. यान तेव्हा सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. तिथून ते कोसळलं आणि ताशी ५४० किलोमीटरच्या वेगाने आदळलं.

जमिनीखाली उंची असूच शकत नाही, एवढी शंका घेणारं त्या क्षणी यानावर कुणी नव्हतं. कथेतल्या प्रत्येक यानावर मात्र एक स्पॉक असतो, भिंगात डोळे घालून बसलेला. आकड्यावर भुवई उंचावणारा तो माणूस लेखकांनी तिथे बसवला, आणि हा या कथांचा सर्वांत शहाणा शोध आहे, असं या लेखमालेचं मत आहे.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि तबकड्या जवळून पाहता येतात. पुण्याहून नारायणगावला जाणाऱ्या एसटीने तिकडे जाता येतं. घरातल्या मुलांना घेऊन एकदा जरूर जाऊन यावं.