विश्लेषण : धुतलेली गाडीही खरखरीत का लागते? पॉलिश आणि कोटिंगआधी ‘क्ले’ कशासाठी?

पांढरी गाडी दोन-तीन वर्षांची झाली, की डिकीवर, बॉनेटवर आणि चाकांच्या मागच्या भागात बारीक नारिंगी ठिपके दिसू लागतात. शॅम्पूने धुतले तरी ते जात नाहीत. पत्रा गंजू लागला, असा मालकाचा पहिला समज होतो. गॅरेजमध्ये कुणी तो भाग पुन्हा रंगवायला सांगतो, तर कुणी लगेच रबिंग करून वर सिरॅमिक कोटिंग मारायचा सल्ला देतो. प्रत्यक्षात अनेकदा पत्रा शाबूत असतो. गंजलेले असतात ते बाहेरून उडून आलेले आणि रंगात रुतून बसलेले लोखंडाचे सूक्ष्म कण. पंधरा-वीस हजार रुपयांचे कोटिंग करण्याआधी हा फरक कळला नाही, तर ती घाण काचेसारख्या थराखाली बंद होते. पुढे ती काढायची तर कोटिंगही घासून काढावे लागते.

रंगावर नेमके काय बसते?

धूळ पाण्याने निघते. प्रश्न असतो तो पाणी आणि शॅम्पूला दाद न देणाऱ्या गोष्टींचा. अहिल्यानगर जिल्ह्यात अशा गोष्टींची वानवा नाही.

पहिला मान लोखंडाचा. बहुतेक गाड्यांच्या ब्रेक डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क घासून तापलेले कण उडतात. ते स्वतःच्या आणि मागून येणाऱ्या गाडीच्या रंगावर आदळतात आणि तिथेच चिकटतात. लोहमार्गालगत रोज गाडी उभी राहत असेल, तर चाके आणि रूळ घासून उडालेल्या कणांची त्यात भर पडते. नगर किंवा सुपा एमआयडीसीतले कारखाने आणि गावोगावच्या रस्त्यावरची ग्रिल, शटर, ट्रॉली बनवणारी वर्कशॉप हा आणखी एक स्रोत. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडच. वर्कशॉपसमोर महिनाभर गाडी उभी करणाऱ्याने ब्रेकला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट या जिल्ह्याची खास. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर साखरपट्टा उभा राहिला. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतो तो उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. धुराड्यावर राख अडवणारी यंत्रणा असते, तरी गाळप हंगामात काही हलकी राख हवेत उरते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी काजळी आसपासच्या गावांना नवी नाही. या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असते. सिलिका म्हणजे वाळूतला कठीण घटक. थंडीत पहाटेच्या दवाने राख ओली होते, उन्हात वाळते आणि बॉनेटवर डाग धरते. सकाळी निघण्याच्या घाईत त्यावरून कोरडे फडके फिरवले जाते. गाडीवरचे निम्मे ओरखडे या एका सवयीतून येत असतील. राख आधी भरपूर पाण्याने वाहून गेली पाहिजे, हात नंतर लावायचा.

तिसरे, पाणी. जिल्हा दख्खनच्या बसाल्ट खडकावर वसलेला, त्यातही बराचसा भाग पर्जन्यछायेत. अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. गाडी उन्हात धुतली आणि पुसली नाही, तर थेंब उडून जातो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे कडे मागे राहते. बादलीच्या तळाशी साचतो तोच हा थर. डांबराचे काळे शिंतोडे, झाडाचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा यांचे वेगळे सांगायला नको.

ही घाण ओळखायची कशी?

गाडी धुऊन पुसून घ्यावी आणि हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद हात फिरवावा. राज्यात पातळ कॅरीबॅगवर बंदी असली, तरी पावाच्या पुड्याची पिशवी चालते. प्लास्टिकमुळे त्वचा रंगाला अडकत नाही आणि एरवी न जाणवणारी खरखर बोटांना कळते. काच पुसल्यासारखे गुळगुळीत लागले, तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही. बारीक रव्यावरून हात फिरल्यासारखे वाटले, तर कण बसलेले आहेत. नारिंगी ठिपक्यांबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. ठिपक्याभोवती रंग फुगला असेल किंवा पोपडा सुटत असेल, तर तो पत्र्याचाच गंज. तिथे क्लेचे काम नाही, पेंटरचे आहे.

‘क्ले’ म्हणजे काय आणि तो काय करतो?

डिटेलिंगचा क्ले म्हणजे कुंभाराची माती नव्हे. पॉलिब्यूटीनसारख्या चिकट-लवचीक पदार्थात अतिशय बारीक घर्षक कण मिसळून केलेला हा कणकेसारखा गोळा. जपानी संशोधक तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. पेटंटच्या शीर्षकात त्याला ‘लवचीक घासण्याचा दगड’ म्हटले आहे. हे वर्णन जाहिरातींपेक्षा प्रामाणिक म्हणावे लागेल.

साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या रंगावर क्ले सरकतो. रंगाच्या पातळीपेक्षा वर आलेला कण त्याला अडतो. क्ले तो कापून किंवा उपटून स्वतःच्या अंगात ओढून घेतो. पृष्ठभागाच्या खाली गेलेल्या गोष्टीला तो हात लावत नाही. त्यामुळे ओरखडे, उन्हाने उडालेला रंग किंवा विष्ठेतल्या आम्लाने रंगात पडलेला खड्डा क्लेने जात नाही. ते काम पॉलिशचे, तेही जमले तर.

मग थेट क्लेच का घासू नये?

इथेच बहुतेक गाड्यांचे नुकसान होते. क्लेने उपटलेला प्रत्येक कठीण कण पुढच्या हातासरशी रंगावरूनच ओढला जातो. म्हणून रसायनाने निघेल ते आधी रसायनाने काढायचे आणि क्लेसाठी शक्य तितके कमी शिल्लक ठेवायचे.

डांबरासाठी टार रिमूव्हर मिळतो. पेट्रोलचा बोळा फिरवणे ही जुनी युक्ती, पण ती आगीला निमंत्रण देते आणि रबर, प्लास्टिकही खराब करते. क्षारांचे डाग ताजे असतील, तर तितक्याच शुद्ध पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर सावलीत मिनिटभर लावून धुऊन टाकावे. आम्ल कार्बोनेट विरघळवते. महिनोन्‌महिने उन्हात भाजलेले डाग मात्र रंगात खड्डा करून बसतात आणि व्हिनेगरने हलत नाहीत.

लोखंडासाठीचे आयर्न रिमूव्हर पाहण्यासारखे असते. त्यातला थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतो आणि पांढऱ्या बॉनेटवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. केस काढण्याच्या क्रीममध्येही याच कुळातले रसायन असते, त्यामुळे वास ओळखीचा आणि नकोसा. हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावे. पत्रा गार हवा आणि द्रावण त्यावर वाळू देता कामा नये. लोखंड विरघळून सुटते, घासावे लागत नाही. काही गाड्यांवर एवढ्यानेच पिशवीच्या चाचणीत खरखर संपते आणि क्लेची वेळच येत नाही.

उरलेच, तर क्ले. पन्नासेक ग्रॅमचा तुकडा मळून चपटा करायचा. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट भाग घ्यायचा आणि तो सतत ओला ठेवायचा. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. दाब इतकाच, की क्ले रंगावर टिकून राहील. सुरुवातीला घसघस आवाज येतो, मग तो थांबतो आणि क्ले सुळसुळीत फिरू लागतो. तिथे थांबायचे. तुकडा काळा-तपकिरी झाला, की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडलेला तुकडा धुऊन वापरायचा नाही, टाकून द्यायचा. मातीचा एक खडा त्यात अडकला, तर बॉनेटभर रेघ उमटते. दोनशे-तीनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

पॉलिशच्या आधीच का?

कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातले एक-दोन, कधी चार-पाच मायक्रॉन कमी होतात आणि ते परत येत नाहीत. कण तसेच ठेवून बफिंग मशीन चालवले, तर पॅड ते कण उचलते आणि वेगाने रंगावर गरगर फिरवते. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी त्यातूनच उमटते. ती घालवायला पुन्हा पॉलिश, म्हणजे पुन्हा काही मायक्रॉन खर्ची.

वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंगचा हिशेब वेगळा. त्यांना थेट क्लिअर कोटला धरायचे असते. मध्ये लोखंड किंवा डांबर राहिले, तर पकड कमी पडते आणि आतला कण गंजत राहतो. क्लेने जुने वॅक्सही निघून जाते, त्यामुळे क्ले करून गाडी तशीच उघडी सोडणेही चूक. काळ्या किंवा गडद गाडीवर क्लेचे पुसट ओरखडे उमटतात. तिथे हलके पॉलिश धरूनच चालावे.

कुठे वापरू नये?

मॅट रंगावर क्ले नको, तिथे चमकदार चट्टे पडतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटत असतील, तर क्ले ते आणखी उचकटतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेला भाग किमान महिनाभर तसाच राहू द्यावा. जुनी गाडी घेतली असेल, तर आधी रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजने प्रत्येक भाग तपासून घ्यावा. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे ते असते. पत्र्यावर आकडा २००च्या बराच वर गेला, तर तो भाग पुन्हा रंगवलेला किंवा खाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी. आकडा फारच कमी असेल, तर आधीच्या मालकाने पॉलिशची हौस भागवून घेतली आहे, असे समजावे.

दर धुण्याला क्ले करण्याचे काही कारण नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. उसाच्या पट्ट्यात त्यासाठी सोयीची वेळ म्हणजे गाळप संपल्यानंतरची. हंगामाच्या तोंडावर केलेली मेहनत महिनाभरात पुन्हा काजळीखाली जाते.