गुदाशयाचा कर्करोग: काढण्याकडून राखण्याकडे

गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान सांगितलं, की रुग्ण बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो, "डॉक्टर, कायमची पिशवी लागेल का?" या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत हळूहळू बदलत गेलं.

१९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी पोटाकडून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रोगमुक्तीची आशा वाढली, पण पोटावरचं शौचद्वार आणि त्याला लावायची पिशवी जन्मभराची झाली. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्याच बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड काढण्यावर भर दिला आणि गाठ उलटण्याचं प्रमाण खूप खाली आलं. २००४ च्या जर्मन अभ्यासात रेडिएशन आणि केमो शस्त्रक्रियेनंतर देण्याऐवजी आधी दिल्यावर, पाच वर्षांत गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं.

तेव्हापासून आमचं काम ट्यूमर बोर्डात सुरू होतं. सर्जन, रेडिएशनतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि आम्ही केमोवाले एकाच पडद्यासमोर बसतो. एमआरआयवर गाठ आणि त्या आवरणाची कड यांच्यातलं अंतर मोजतो. ते एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर सुरी आधी चालवायची नाही, हे सगळ्यांना मान्य असतं.

२००४ मध्येच साओ पावलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी धाडसी अनुभव मांडला. रेडिएशन-केमो दिलेल्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांत गाठ दिसेनाशी झाली. त्यांचं ऑपरेशन न करता त्यांना काटेकोर देखरेखीखाली ठेवलं. हाब्र-गामा यांच्यावर टीकाही झाली, पण आज निवडक रुग्णांसाठी हा मार्ग जगभर स्वीकारला जातो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून पुढची बातमी आली. डीएनए दुरुस्तीत विशिष्ट दोष असलेल्या गाठींच्या पहिल्या १२ रुग्णांत नुसत्या डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीने गाठ नाहीशी झाली. असा दोष गुदाशयाच्या फार थोड्या गाठींत असतो, म्हणून प्रत्येक गाठीची ती तपासणी व्हायलाच हवी.

या प्रगतीचा लाभ आपल्याकडे अनेकांच्या हातून निसटतो. शौचातून रक्त पडलं, की ते मूळव्याधीचं ठरवून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. डॉक्टरांनी बोटाने तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि शंका आली तर दुर्बिणीची तपासणी आहे. रुग्णांनी ती मागावी आणि डॉक्टरांनी संकोच न करता करावी. गाठ लवकर सापडली, तर गुदाशय राखण्याची शक्यता कितीतरी वाढते.