नियंत्रण कशावर?

शहरनियोजनाचा विषय निघाला की आपण लगेच तराजू काढतो. एका पारड्यात नियंत्रण, दुसऱ्यात राहणाऱ्यांचं स्वातंत्र्य; एक वाढलं की दुसरं कमी. आम्हाला हे चित्र फसवं वाटतं. नियंत्रण किती, यापेक्षा ते कशावर, हे आधी विचारायला हवं. उदाहरण जवळचंच घेऊ.

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत केली. लोक तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात घरांमध्ये मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण, अशा तीन गटांना मिळून त्याहून मोठं अंगण. आणि मुख्य अट अशी, की दोन घरांत सामायिक भिंत नाही. का बरं? भिंत एकच असली की एक खोली वाढवायची म्हटलं तरी शेजाऱ्याची संमती आली. भिंती सुट्या ठेवल्या, म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, ऐपतीप्रमाणे वाढवता आलं. आता बघा, हा नियमच आहे, आणि चांगला कडक आहे. तरी मोकळीक त्यातूनच आली!

पुढे लोकांनी घरं वाढवली. बरीच मूळ कौलारू घरं पाडून वर मजले चढवले. वास्तुकलेची मंडळी तिथे जाऊन हळहळतात. त्या हळहळीत आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. घर बदलणार, हे धरूनच तर आराखडा केला होता.

अडचण वेगळीच आहे. एकाने मजले चढवले की सावली पडते ती शेजारच्या खिडकीवर आणि मधल्या अंगणावर. भिंत वेगळी करता येते हो, ऊन कसं वेगळं करणार? 'माझ्या जागेत मी काहीही करीन' हे वाक्य इथे अडतं, कारण त्या 'काहीही'चा एक भाग दुसऱ्याच्या जागेत होत असतो.

शिवाय वापरणारा म्हणजे नेमका कोण? ज्याच्यासाठी आखलं तो, की पुढे विकत घेणारा? ऐपतीप्रमाणे वाढवायची सोय ऐपतवाल्याच्या जास्त उपयोगी पडते. वाढीव बांधकामाला वाव असला की भूखंडाला भाव येतो, आणि गरजवंताला विकायचा मोह होतो. त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? विकणं हेही त्याचं स्वातंत्र्यच. यावर नकाशात उत्तर सापडेल असं आम्हाला वाटत नाही. ते कर्ज, भाडं, मालकीच्या अटी यांत शोधावं लागेल.

उंचीचं म्हणाल, तर ती मर्यादा आम्ही घालू, आणि पाळायलाही लावू. जिना कुठून काढायचा, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन ठेवायचं की दुकान, याची मात्र परवानगी मागायला लावणार नाही.