गच्चीवरची धग आणि अलकनंदा

मे महिन्यात जळगावात किंवा धुळ्यात रात्री गच्चीवर अंथरूण टाकून पाहा. संध्याकाळी कितीही पाणी मारा, स्लॅबची धग गादीतून पाठीला लागतेच. त्या स्लॅबमधून चक्क प्रकाश बाहेर पडत असतो! अवरक्त प्रकाश. कातडीला कळतो, डोळ्यांना नाही.

जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण नेमका हाच प्रकाश टिपते. अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश निघाला तेव्हा साधाच होता. पण वाटेत विश्वच प्रसरत गेलं, त्याच्या लहरी ताणल्या गेल्या आणि इथे पोचेपर्यंत तो अवरक्त झाला. त्यातला बराचसा आपल्या हवेतली वाफ गिळते. म्हणून २५ डिसेंबर २०२१ला उडालेली वेब १५ लाख किलोमीटर लांब जाऊन बसली.

खरी गंमत पुढेच. दुर्बीणच तापली तर तीही स्लॅबसारखी धग सोडणार. मग दूरचं काय दिसणार? त्यासाठी तिला टेनिस कोर्टाएवढा पाच पदरी मांडव घातलाय. उन्हाच्या बाजूला सुमारे ८५ अंश, सावलीत उणे २३०च्या आसपास! पंचेचाळीस अंशांत कानाला रुमाल बांधून फिरणाऱ्यांना सावलीचं मोल काय सांगायचं?

आणि आरसा साडेसहा मीटरचा. बेरिलियमचा, पण वर मुलामा सोन्याचा, कारण सोनं अवरक्त प्रकाश फार छान परतवतं. लागलं किती? सुमारे ४८ ग्रॅम. पुरते पाच तोळेही नाही. जळगावच्या सराफ बाजारात एका हारात संपेल. थर केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन वेबच्या निरीक्षणांतले सुमारे ७० हजार ठिपके चाळत होत्या. त्यात त्यांना आणि योगेश वाडदेकरांना एक सर्पिल दीर्घिका गवसली. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, म्हणून हिचं नाव मंदाकिनी नदीच्या बहिणीचं, अलकनंदा. २०२५मध्ये हा शोध जाहीर झाला. आपल्याला दिसते ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची अलकनंदा. दोन घाटदार भुजा, नीटस तबकडी. एवढं जमायला कित्येक अब्ज वर्षं लागतात, असा समज होता. हिनं ते इतक्या झटपट कसं उरकलं, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही.

ती निरीक्षणं कुणालाही फुकट पाहता येतात. स्लॅब निवेपर्यंत झोप लागणार नाहीच. मोबाईलवर अलकनंदा शोधून पाहा.