जोडीला कोणता जुना कॅमेरा ठेवायचा?

ग्वाल्हेरला डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. मैफल रंगात आलेली असताना मुख्य कॅमेरा बंद पडला, तर गायक थांबत नाही. जोडीला दुसरा हवाच. समजा, कपाटात निकॉनचे दोन आहेत: २००६चा डी४० आणि २००८चा डी९०.

मी मेगापिक्सेल आधी बघतच नाही. ५० मिमी एफ/१.८ डी ही स्वस्त, भरपूर उजेड घेणारी लेन्स डी४०वर आपोआप फोकस होत नाही, कारण ती फिरवणारी मोटर त्याच्या बॉडीत नाही. डी९०मध्ये आहे. लेन्स काढून पाहा: माउंटच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो, तोच हे काम करतो. शिवाय आयएसओ वाढवला की डी४०च्या चित्रात दाणे लवकर उठतात.

डी४०चा एक गुण मात्र खरा. त्याचा फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंत जुळतो, डी९०चा १/२००पर्यंत. ग्वाल्हेर किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या निळ्या टाइल्सपुढे भर उन्हात सावलीतले चेहरे उजळायला तो फार उपयोगी. तरी मैफलीसाठी मी डी९०च ठेवेन. फक्त त्याची बॅटरी पूर्ण उतरवून कपाटात टाकू नका. साधारण अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासत जा.